परत केलेली पोरगी

"तो फ्रॉक काढून घ्या हं. आमच्या बाळाला पुढेमागे होईल."

असं म्हणाल्या त्या. बालगृहाच्या ऑफिसात, माझ्यासमोर. मी आठ वर्षांची होते आणि फ्रॉक माझ्या अंगात होता. पिवळा, गळ्याशी लेस, दिवाळीला मेन रोडवरून घेतलेला. आमच्या अधीक्षिका मॅडमनी स्वयंपाकाच्या मावशीला हाक मारली. मावशीनं कपाटातून संस्थेचा स्कर्ट आणि ब्लाऊज आणला. मला वाटलं, आतल्या खोलीत नेतील. कुणी नेलं नाही. टेबलाच्या कडेला उभं करून माझी मागची बटणं काढली. त्या बाईंचे यजमान खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी फ्रॉकची घडी घातली. नीट घातली, बाह्या आत दुमडून. मग पिशवीत ठेवला.

मी विचारलं, "आई, संध्याकाळी येशील ना?"

त्या मॅडमकडे बघून म्हणाल्या, "हिला तुम्हीच समजावून सांगा."

आणि गेल्या. रिक्षा फाटकाशी थांबवूनच ठेवली होती.

त्या घरात मी वर्षभर राहिले होते. नाशिक रोडला, सरकारी नोकरदारांच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. लग्नाला बरीच वर्षं होऊन त्यांना मूल नव्हतं. मला बघायला आले तेव्हा त्यांनी माझे दात बघितले, पायांवरचे डाग बघितले, पाढे म्हणायला लावले. मी पसंत पडले. घरी नेल्यावर माझं बारसंसुद्धा केलं. एवढ्या मोठ्या मुलीला पाळण्यात कसं घालणार, म्हणून पाटावर बसवलं. आत्यानं कानात कुर्र करून नवीन नाव सांगितलं. कानाला गुदगुल्या झाल्या आणि मी फिदीफिदी हसले. सगळे हसले. शेजाऱ्यांना घुगऱ्या वाटल्या. माझं आधीचं नाव बालगृहातच राहिलं. मला त्याचं काही वाटलं नाही. नवीन नाव जास्त चांगलं होतं, आणि ते हाक मारणारी आई होती.

मी चपात्या लपवायचे. गादीखाली, दप्तरात, शिवणाच्या मशीनमागे. बालगृहात संध्याकाळचं जेवण झालं की सकाळपर्यंत काही मिळत नसे. त्याही आधी, रस्त्यावर, तेवढंही नसे. त्या घरात डबे भरलेले होते, कुणी मला उपाशी ठेवलं नाही. पण हाताला सवय होती. हात आपोआप एक चपाती बाजूला काढायचा. मग मुंग्या लागल्या. बाईंना सापडलं. "चोरटी आहे ही," त्या आत्याला फोनवर म्हणाल्या. "वळणच नाही. कुणाचं रक्त, कुणास ठाऊक."

मी दाराआडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी दोन चपात्या लपवल्या.

आणि मग बाईंना दिवस गेले. घरात आनंदाला उधाण आलं. आजीनं, म्हणजे बाईंच्या सासूनं, मला पुन्हा पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. "पोरीचा पायगुण गं बाई! हिच्या पायानं घरात पाळणा हलणार." आपल्याकडे असं मानतातच. परक्याचं पोर घरात आणलं की पोटचं होतं. येणारा-जाणारा प्रत्येकजण माझ्या पायांकडे कौतुकानं बघायचा. मीही बघायचे. मला वाटलं, आता माझी जागा पक्की झाली.

सातवा महिना लागला आणि तीच आजी म्हणाली, "पोटचं ते पोटचं. आता ही कशाला?" कोर्टाचा दत्तकाचा हुकूम अजून व्हायचा होता. त्यामुळे त्यांना फार त्रास पडला नाही. पायगुण वापरून झाला आणि मला रिक्षात बसवलं.

बालगृहात मुलींनी माझं तिसरं नाव ठेवलं. रिटर्न. "ए रिटर्न, बादली आण." "ए रिटर्न, तुला कुणी घेत नाही का गं?" त्यांचं काय चुकलं? परत आलेली मुलगी बघितली की त्यांनाही आपलं असंच होईल अशी भीती वाटायची, आणि ती चिडवल्यानं थोडी कमी व्हायची. मी अंथरुणात लघवी करायला लागले. बोलताना अडखळायला लागले. मॅडम म्हणायच्या, "नाटकं आहेत." मावशी एकटीच सकाळी माझी चादर कुणाला न दाखवता धुवायची.

आता वाढदिवसांबद्दल सांगते. नाशिकच्या बऱ्या घरांमध्ये एक चाल आहे. पोराचा वाढदिवस हॉटेलात तर करतातच, पण पुण्य हवं असतं. मग एक वेळचं जेवण बालगृहात देतात. आम्ही पोरी आंघोळी करून, दोन वेण्या घालून रांगेत बसायचो. फळ्यावर रंगीत खडूनं त्या पोराचं नाव लिहायचं. थोरल्या मुलीनं औक्षण करायचं. गाणं म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या. ताट समोर आलं तरी हात लावायचा नाही, आधी फोटो. मग सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "अन्नदाता सुखी भव." पुरी तोवर गार होऊन चिवट व्हायची. आमचा वाढदिवस कधी असतो, हे आमच्यापैकी निम्म्या जणींना माहीतच नव्हतं. पण दुसऱ्यांचे आम्ही इतके साजरे केलेत की विचारू नका.

मी दहावीत होते. रविवार होता. फळा लिहायचं काम धाकट्या मुलींचं, मी आत वाती वळत होते. मॅडमनी तबक माझ्या हातात दिलं आणि हॉलमध्ये ढकललं. समोर खुर्चीवर सहा-सात वर्षांची एक मुलगी बसली होती, झालरीच्या ड्रेसमध्ये. आम्हाला सगळ्यांना एकदम बघून बिचारी बावरली होती. मागे तिचे आईवडील उभे होते. मी बाईंना लगेच ओळखलं. थोड्या जाड झाल्या होत्या, बाकी त्याच. त्यांनी मला ओळखलं नाही. रांगेतली एक पोरगी, कशाला ओळखतील?

तेवढ्यात मॅडम माइकवर म्हणाल्या, "आज आपल्या लाडक्या..." आणि नाव घेतलं.

माझं नाव. आत्यानं माझ्या कानात सांगितलेलं.

मी फळ्याकडे बघितलं. गुलाबी खडूनं तेच लिहिलं होतं, भोवती फुलं काढून. फ्रॉक काढून घेतला होता तो माझ्यासमोर. नाव काढून घेतलं ते मला सांगितलंसुद्धा नाही.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते आता त्या मुलीचं आहे. तिचा काही गुन्हा नाही.

मी तबक खाली जमिनीवर ठेवलं. निरांजन जळत होतं.

"मी ओवाळणार नाही."

मॅडमचा माइक चालूच होता. "काय गं? काय झालं?"

"हे नाव माझं होतं. यांनीच ठेवलं होतं. मग यांनी मला परत केलं."

अडखळले नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा वाक्य सरळ बाहेर पडलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की आता ओळखलं. त्यांचे यजमान तेवढं म्हणाले, "मुलीसमोर हे काय चाललंय?" त्यांनी तिला कडेवर उचललं आणि दाराकडे निघाले. ती पोर त्यांच्या खांद्यावरून मागे बघत विचारत होती, "बाबा, परत केलं म्हणजे काय?"

श्रीखंडाचा डबा गाडीतून उतरलाच नव्हता, तो तसाच परत गेला. त्या दिवशी आम्ही खिचडी खाल्ली. धाकट्या मुली माझ्यावर डाफरल्या. एक तर रडली, "तुझ्यामुळे, रिटर्न, तुझ्यामुळे!" तिचं ऐकून मला खूप वाईट वाटलं. तरी मी केलं त्याचं वाईट वाटलं नाही. दोन्ही एकाच वेळी होतं.

मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. "माणसं दयेनं देतात, तेव्हा तुमच्या तोंडात घास पडतो. देणगीदार तुटला तर काय खाणार? माती? पुढच्या रविवारी त्या येतील. माफी मागायची. नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यात पाठवते. बोर्डाची परीक्षा तिकडे दे."

आयजीच्या जिवावर बायजी उदार, म्हणतात ना. संस्थेचं नाव मोठं करायचं मॅडमनी आणि माना वाकवायच्या आम्ही.

मावशीनं भांडी घासता घासता मला समजावलं. "माग बये माफी. तोंडानं मागायची, मनानं नाय. आपल्याला कुठं दुसरी जागा हाय? परीक्षा लय जवळ आली तुझी."

"तोंडही माझंच आहे ना, मावशी?"

तिनं हातातलं पातेलं पुन्हा एकदा घासलं, मघाशीच घासलेलं.

रविवारी बाई एकट्याच आल्या. तेच ऑफिस, तेच टेबल. मला वाटलं होतं, रागावतील. रागावल्या नाहीत. उलट त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. "अगं, मी किती रडले असेन. पण तुझ्या त्या सवयी, आणि घरात तान्हं येणार. तूच सांग, मी काय करायला हवं होतं? तुझा पायगुण मी कधी विसरले नाही. तुझ्यामुळेच तर ही झाली. म्हणून तर तुझं नाव ठेवलं तिला. तुझी आठवण म्हणून."

मी बघतच राहिले. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझा मान ठेवला. माझं नाव दुसऱ्या पोरीला घातलं, आणि त्याला आठवण म्हणत होत्या.

"माग माफी," मॅडम म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या मनाच्या आहेत त्या."

मी म्हटलं, "यांनी माझी मागावी."

"काय बोलतेस?"

"मी कशाची मागू? भूक लागायची त्याची?"

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "बरं झालं तेव्हा पाठवलं ते." माफी मागितली नाही.

मॅडमनी शब्द पाळला. पंधरवड्यात मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत पाठवलं. नवीन शाळा, नवीन शिक्षिका, पुस्तकं अर्धी मागे राहिली. दहावीला गणित राहिलं. ते नंतर पुन्हा बसून काढलं. लोक विचारतात, एका तबकापायी एवढं कशाला? ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढंच सांगते. त्या दिवसापासून मी अडखळले नाही.

अठरा झाल्यावर नाशिकलाच परत आले. हे गाव माझंही आहे, त्या वसाहतीतल्या लोकांना आंदण दिलेलं नाही. आता डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, चष्म्याचे नंबर काढते. बालगृहात लिहिलेलं माझं आधीचं नाव मी स्वतःहून परत घेतलं. नोकरी लागल्यावर झोप येईना, म्हणून एका समुपदेशक ताईंकडे जायला लागले. त्यांना एकदा चपात्यांचं सांगितलं, मान खाली घालून. त्या म्हणाल्या, "ज्या पोरांना उद्याचा भरवसा नसतो ती अन्न लपवतात. जवळजवळ सगळीच. ती चोरी नव्हे. भरवसा वाटला की हळूहळू थांबतं, त्याला वेळ द्यायचा असतो."

मी त्यांच्या खोलीत ओरडून रडले. दुःखानं नाही, रागानं. एवढी साधी गोष्ट. त्या घरात कुणी ती विचारलीसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात त्याच ताईंनी मला एका बैठकीला बोलावलं. मोठी मुलं दत्तक किंवा सांभाळायला घेऊ बघणारी जोडपी बसली होती. इस्त्रीचे कपडे, मांडीवर पर्सा, चेहऱ्यावर आशा. चांगली माणसं होती, मला मान्य आहे. ताईंनी माहिती सांगितली. शेवटी एका गृहस्थांनी हात वर केला.

"समजा नाहीच जमलं, तर परत करायची सोय असते ना?"

ताई सौम्यपणे काहीतरी सांगायला लागल्या. मी उठून उभी राहिले.

"असते," मी म्हटलं. "मला तसंच परत केलं होतं."

आणि सगळं सांगितलं. फ्रॉक, पायगुण, चपात्या, नाव. आवाज चढवला नाही आणि रडलेही नाही. सांगून झाल्यावर म्हटलं, "तुमच्या घरी येणारी पोर चोरी करेल. खोटं बोलेल. अंथरूण ओलं करेल. तुम्हाला चावेलसुद्धा. तुम्ही तिला ठेवता का, हे ती बघत असेल. महिनोन् महिने बघेल."

ते गृहस्थ पत्नीकडे बघायला लागले. मग दोघं उठले आणि चपला घालून बाहेर गेले. पाठोपाठ आणखी एक जोडपं गेलं. बाकीची बसून राहिली. एक बाई रडत होत्या, पण बसून होत्या.

नंतर जिन्यात ताई म्हणाल्या, "तू माणसं घाबरवतेस गं. आधीच मोठ्या पोरांना कुणी घेत नाही."

मला ते माहीत आहे. कुणी न घेतलेल्या पोरींमध्ये मी वाढले, त्यांच्या रात्रीच्या ओल्या उशा मी बघितल्यात. पण घेऊन परत केलेली मी एकटी होते, आणि या दोन्हींतलं काय जास्त वाईट, हे मला विचारा. पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. त्याच्या पुढच्याही. बोलावलं नाही तरी जाऊन दारात उभी राहीन. ज्याला उठून जायचंय त्यानं इथूनच उठून जावं, माझ्या तोंडावर, चपला घालून. पोरीनं "आई" म्हणायच्या आत.