राखून ठेवलेला क्लेम

मागच्या वर्षीचा तान्हा पोळा, म्हणजे मोठ्या पोळ्याचा दुसरा दिवस, भर दुपार. रक्कम अकरा हजार दोनशे रुपये. हजर माणसे पाच: मी, माझी बायको, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि जेवायला आलेला आमच्याच गावचा विमा एजंट. गाव पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून. भाऊ वनरक्षक आहे, तिथेच राहतो. मी चंद्रपूरला असतो आणि पोळ्याचे दोन दिवस गावी जातो.

ती रक्कम कुठून आली ते आधी सांगतो. उन्हाळ्यात भावाने चिमूरच्या एका लग्नासाठी माझी गाडी नेली होती. परतताना रानडुक्कर आडवे आले. डुक्कर उठून झाडीत पळाले; गाडीचा बंपर फुटला, डावा हेडलाइट गेला, पुढची जाळी आत बसली. बिल अकरा हजार दोनशे झाले.

माझ्या गाडीवर तोपर्यंत एकही क्लेम नव्हता. त्यामुळे हप्त्यात पन्नास टक्के सवलत मिळत होती. यालाच नो क्लेम बोनस म्हणतात. ही सवलत सगळ्या हप्त्यावर नसते, आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो भाग असतो तेवढ्यावरच असते. माझा तो भाग नऊ हजार सहाशेचा, म्हणजे सवलत चार हजार आठशेची. एक क्लेम केला की ती शून्यावर येते. मग वीस टक्के, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस असे चढत पुन्हा पन्नासवर जायला पाच वर्षे लागतात. मधली सगळी तूट जोडली तर एका क्लेमची किंमत सुमारे बारा हजार. मी भावाला हा हिशेब मांडून दाखवला आणि म्हणालो, अकरा हजारांसाठी बारा हजार घालवण्यात अर्थ नाही, बिल तू भर. त्याने दोन पगारांतून भरले. एका शब्दाने कुरकुर केली नाही.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. चार वर्षांपासून मी दरसाल सातशे रुपये जादा भरत होतो. ते भरले की वर्षातून एक क्लेम केला तरी सवलत कायम राहते. म्हणजे डुकराचे बिल विमा कंपनीने दिले असते आणि माझे काही गेले नसते. पण वर्षाला एकच क्लेम असा चालतो. वर्ष दिवाळीला संपणार होते, मध्ये अख्खा पावसाळा होता. मोठे काही झाले तर असावा म्हणून मी तो राखून ठेवला.

तान्ह्या पोळ्याला आदल्या दिवशीचे पुरण उरले होते, त्याच्या पोळ्या चालल्या होत्या. एजंट तिसरी पोळी तुपात बुडवत भावाला म्हणाला, "तुह्या दादासारखा गिऱ्हाईक मी पाह्यला नाई बाप्पा. बोनस बी जमवते, अन् बोनस जाऊ नये म्हून सातशे रुपये बी भरते! डुकराच्या टायमाले मी म्हनलं, करा क्लेम, बोनसले धक्का नाई. तं म्हने, राहू दे, धाकटा भरून राह्यला."

भावाचा हात ताटातच राहिला. "धक्का नाई म्हंजे?"

एजंटाने घास गिळला आणि माझ्याकडे पाहिले. मग त्याने पाण्याचा पेला उचलला.

"दादा, धक्का नाई म्हंजे काय?"

"वर्षाला एकच क्लेम मिळतो," मी म्हणालो. "राखून ठेवला होता."

"कोनासाठी?"

"मोठं काही झालं तर."

"दोन महिने पोरीची शिकवनी बंद ठेवली मी. तू म्हनला बारा हजार जाईन, म्हून भरले. मले एका शब्दानं तरी सांगाचं होतं."

मी म्हणालो, "डुक्कर तुझ्याच हातून लागलं होतं ना?"

हिशेबाने हेही वाक्य बरोबर होते. त्याने ताट उचलून भिंतीवर मारले. पुरण आणि तूप भिंतीवरून खाली ओघळले. त्याने माझी कॉलर धरली आणि मला उंबऱ्याबाहेर अंगणात ओढले. त्याची बायको मध्ये आली, तिला त्याने कोपराने बाजूला लोटले. माझी बायको म्हणाली, "आपन निघू आता. बसा गाडीत," आणि मी येईन म्हणून ती आधीच जाऊन पुढच्या सीटवर बसली.

भाऊ गोठ्याकडे गेला आणि तिथे टेकवून ठेवलेली सब्बल घेऊन आला. कुंपणाचे खड्डे खणायची, डोक्याएवढी उंच लोखंडी सब्बल.

"मोठं पायजे ना तुले? घे मोठं! कर क्लेम!"

पहिला घाव बॉनेटवर बसला. पत्रा फाटला आणि सब्बल आत अडकली, ती त्याने पाय लावून उपटून काढली. दुसरा घाव डाव्या हेडलाइटवर, जो त्यानेच पैसे भरून नवा बसवला होता. मग डावे दार, मागचे दार. आदल्या दिवशी शिंगे रंगवलेले गोठ्यातले बैल खुंट्याला हिसके देऊ लागले. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. बायको आत खाली वाकली होती. ती आत आहे हे त्याला दिसत होते की नाही, हे मी त्याला अजून विचारलेले नाही. त्याने सब्बल दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि समोरच्या काचेवर आणली. काच आत गेली. टोक बायकोच्या कपाळाला लागून सीटमध्ये रुतले.

तिने डोके वर केले तेव्हा डाव्या डोळ्याच्या जागी फक्त रक्त दिसत होते. डोळा शाबूत होता, हे आम्हाला नंतर कळले. भावाची बायको धावली, तिने पदर फाडून कपाळाला दाबला. सब्बल भावाच्या हातातून पडली.

आणि मी खिशातून मोबाइल काढून गाडीचे फोटो घेतले. बॉनेट, हेडलाइट, दारे, काच. एजंटाने कित्येक वर्षांपूर्वी सांगितले होते, काही झाले की आधी फोटो. चौथा फोटो घेताना भावाने मला पाहिले.

"फोटो काढून राह्यला! वहिनीच्या डोक्यातून रगत येऊन राह्यलं अन् हा फोटो काढून राह्यला!"

तो माझ्या अंगावर आला. मी त्याच्या कानाखाली मारली, आयुष्यात पहिल्यांदा. त्याने मला फाटक्या बॉनेटवर पालथे पाडले आणि माझे तोंड काचेच्या चुऱ्यात दाबले. माझा एक दात तिथे गेला. मी मागे लाथ मारली, ती त्याच्या गुडघ्यावर बसली. आम्ही दोघे चिखलात पडलो आणि तसेच एकमेकांना मारत राहिलो. शेवटी एजंटाने त्याला मागून कवेत आवळले. मी उठलो तेव्हा मोबाइल माझ्या मुठीतच होता.

सरकारी दवाखान्यात बायकोच्या कपाळाला सात टाके पडले. कसे लागले असे डॉक्टरांनी विचारले. ती म्हणाली, "गाडीची काच फुटली." तेवढेच.

गाडी चंद्रपूरला ओढून आणली. गॅरेजच्या डेंटरने बासष्ट हजार चारशेचा अंदाज दिला. एजंट घरी आला, खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊ, रानडुक्कर लिहून टाकू."

"डुकरानं काच वरून फोडली?"

"मंग अस्वल लिहू."

"अस्वलाजवळ सब्बल होती?"

त्याने डोके खाजवले. "मंग एकच रस्ता हाये. पोलिसात द्या. कोनी मुद्दाम फोडली तरी क्लेम बसते, फक्त रिपोर्ट पायजे. अन् बोनस तं तुमचा राखूनच हाये."

पैशाच्या बाजूने आता काहीच अडचण नव्हती. चार वर्षे सातशे भरून जे राखले होते ते याच दिवसासाठी. फक्त अर्जात भावाचे नाव लिहायचे होते. गुन्हा नोंदला की त्याचे निलंबन, हे मला माहीत होते आणि त्यालाही. खोटे मी लिहिणार नव्हतो. "अनोळखी इसम" लिहिले असते तर पोलिसांनी गावातलाच कोणीतरी पोरगा उचलला असता. म्हणून मी खरा अर्ज लिहिला आणि सहीपूर्वी बायकोला वाचायला दिला, कारण तीही त्यात होती.

तिने तो दोनदा वाचला. कपाळावरची पट्टी भुवईपर्यंत होती.

"मी कुठी हाये यात?"

"हे काय, तिसऱ्या परिच्छेदात."

"डाव्या हेडलाइटच्या नंतर." तिने कागद टेबलावर ठेवला. "माह्या कपाळाचा बोनस किती होते जी?"

मी कागद उचलायला हात पुढे केला.

"त्यानं मले मारलं, तं जेलात पाठवाचं का नाई थे मी ठरवीन. गाडीसाठी नाई पाठवाचं. माह्यासाठी पाठवाचं असन तं वेगळा अर्ज लिहा, त्यात गाडीचं नाव नको." तिने कागदावर तळहात ठेवला. "अन् मी नाई देत. पोरगी हाये त्याले. पन त्यानं इथी येऊन माह्यासमोर उभं राहाचं. अन् तुम्ही त्याचे अकरा हजार परत कराचे. थे तुमचे नव्हतेच."

मी म्हणालो, हिशेबाने बिल गाडी चालवणाऱ्याचे असते. ती म्हणाली, "मंग बसा हिशेब घेऊन," आणि आत गेली. मी अर्ज फाडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

भाऊ आठवड्याने आला. लंगडत होता. बायकोसमोर उभा राहिला, तिच्या टाक्यांकडे पाहिले आणि खाली बसून रडला. ती म्हणाली, "चहा घेता का?" माझ्याशी तो बोलला नाही.

सवलत राखण्यासाठी जादा पैसे भरावेत का, असे ऑफिसातले लोक मला आता विचारतात. बारा हजार भागिले सातशे: सतरा वर्षांत एकदा क्लेम करावा लागला तरी पैसे वसूल होतात. म्हणून भरावेत. मात्र पहिले बिल येईल तेव्हा क्लेम करावा. मोठ्यासाठी राखून ठेवू नये.

डेंटरला बासष्ट हजार चारशे दिले, माझ्या खिशातून. क्लेम केला नाही, त्यामुळे दिवाळीला पन्नास टक्के सवलत तशीच मिळाली. विमा कंपनीला हप्ता भरला, त्यात सातशे धरून. दाताच्या डॉक्टरांना साडेचार हजार. आणि भावाला अकरा हजार दोनशे, रोख, बायकोच्या हातून, कारण माझ्या हातून तो घेत नाही.