चौदा ते चाळीस

राजगडावर शाळेची सहल नेली होती. एक ते तेरा हजेरी क्रमांकाच्या मुली दुसऱ्या बाईंकडे होत्या, चौदा ते चाळीस माझ्याकडे. सकाळीच प्रत्येकीच्या तळहातावर मी पेनाने तिचा क्रमांक लिहिला होता.

उतरताना मी सगळ्यांच्या मागे होते. पायथ्याच्या गावात, पालीत, ताक विकणारे आजोबा आणि आमच्या शाळेतल्या नव्या मॅडम खाली येणाऱ्या माझ्या मुली मोजत उभे होते.

मी पोचताच मॅडम म्हणाल्या, "सव्वीस."

नेल्या होत्या सत्तावीस. म्हणजे एखादी भलत्याच वाटेला लागली असणार, आणि ऊन उतरायला लागलं होतं.

मुख्याध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो बाई, चाळीसातून चौदा गेले की सव्वीसच राहतात. उगाच घाबरवू नका."

"सर, चौदा नंबरचीसुद्धा सहलीला आलीय. तिलाच वजा केलंत तुम्ही."

मी फोन ठेवला आणि मुलींना एका ओळीत उभं केलं. पुन्हा डोकी मोजण्यात अर्थ नव्हता, कोण नाही ते कळायला हवं होतं. चौदापासून एकेक क्रमांक पुकारत गेले. एकतीसला उत्तर आलं नाही. मी पुन्हा, मोठ्यानं पुकारलं.

"बाई, तिच्या तोंडात ताक आहे," शेजारची म्हणाली. एकतीसनं तळहात वर केला.

चाळीसपर्यंत सगळ्या निघाल्या. मी तिथेच दगडावर बसले.

मग सव्वीस कशा झाल्या?

आजोबा म्हणाले, "पैल्या पोरीला म्या लाभ म्हनलं. भात मापताना पैल्या मापाला एक न्हाई म्हनत आमी. लाभ, मग दोन." तेवढं म्हणून ते गिऱ्हाइकाला ताक द्यायला वळले होते, आणि शहरात वाढलेल्या मॅडमनी पुढच्या मुलीपासून एक, दोन सुरू केलं होतं.

"मला वाटलं, देवाचं नाव घेतलंत," मॅडम म्हणाल्या.

"व्हय, आन् पोरगी त्येलाच वाहिली," आजोबा म्हणाले. "बाई, तुमी आदी ताक प्या. त्वांड पांढरं पडलंय."

मी दोन ग्लास प्यायले. गाडी सुटायच्या आधी पुन्हा चौदापासून सुरुवात केली. मुलींनी कंटाळून, नाकातून उत्तरं दिली. मला चाललं.