पडला म्हणजे आला

आमचे नाना बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, तोंडात बघत. तुमचे बाबा तुमच्या आईशी लग्न ठरवायला पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा कशावरून तरी मोठ्याने हसले. नाना शेजारीच बसले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, करून टाका लग्न. पोट्टं वय खरं सांगून राह्यलं."

नाना म्हणजे तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ. गेल्या महिन्यात ते गेले. मी फोनवर सांगितलं, तर तुम्ही दोघा नातवंडांनीही विचारलंत, "कोणते नाना?" दोष तुमचा नाही, तुम्ही त्यांना लहानपणी एकदाच पाहिलंत. पण ते कोण होते हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून लिहिते आहे.

सोहम, तू मला परदेशातून तिकडच्या मोटारींच्या शर्यतीचा व्हिडिओ पाठवला होतास. सरळ रस्त्यावर शेजारी शेजारी दोन गाड्या, हरलेली घरी जाते, जिंकलेली पुढच्या जिंकलेलीशी भिडते, आणि शेवटी एकच उरते. आपला शंकरपट अगदी तसाच, फक्त मोटारींच्या जागी बैलजोड्या. हलका छकडा, त्यावर धुरकरी, म्हणजे हाकणारा, आणि झेंडी पडली की दोन जोड्या सरळ रेषेत सुटतात. तू विचारलं होतंस, की लहान गाडीला मोठीशी पळवत नाहीत, तर पटात गट कशावरून ठरवतात? तिकडे इंजिनावरून ठरवत असतील. इथे दातांवरून ठरवतात. ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत तो आदत. मग दोनदाती, चारदाती, आणि सगळे दात आलेले शेवटच्या गटात. आमच्या गावच्या पटात हे ठरवणारे पंच म्हणजे नाना.

ते काम त्यांच्याकडे कोणी सोपवलं हे मला माहीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पटाच्या सकाळी बाभळीखाली पाण्याची बादली ठेवून नाना उभे असत. बैलाचा खालचा ओठ डाव्या हाताने ओढायचा, उजव्या हाताचं बोट हिरडीवरून फिरवायचं, गट पुकारायचा, हात धुवायचा. पुढचा बैल. मध्ये काही वर्षं कोर्टाने पट बंद केले होते, मग सुरू झाले ते नव्या अटींसह. चाबूक नको, टोचायची तुतारी नको, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हवा. डॉक्टर बैलाची तब्येत बघू लागले, पण दात नानांकडेच राहिले.

त्यांचे नियम म्हणींसारखे होते. "जोडी थोरल्याच्या वयाची," म्हणजे दोन बैलांत ज्याचे दात जास्त, त्याचा गट जोडीला. वरच्या गटात पळायची मुभा होती, खालच्या गटात कधीच नाही. आणि सर्वांत कडक नियम, "पडला म्हणजे आला." लबाड लोक बैलाचा नवा फुटलेला दात पकडीने उपटायचे आणि सांगायचे, दुधाचा आत्ताच पडला, नवा आलाच नाही, बैल अजून आदतच. नानांनी तो वादच संपवला. दुधाचा दात पडला की नवा आला असंच धरायचं, गट वरचा. एकदा एका पाहुण्याने हुज्जत घातली तेव्हा नाना म्हणाले, "भाऊ, मले बैल खोटं बोलत नाही. तू काऊन बोलतं?"

घरातल्यांना या कडकपणाचा जाच होई. त्यांचा एकुलता एक मुलगा गजानन, आमचा गजू, पटाचा वेडा. बापाच्या पंचगिरीपायी त्याने कितीतरी वर्षं गावच्या पटात जोडीच उतरवली नव्हती, बाहेरगावी जाऊन पळवायचा. लोक म्हणत, "घरचाच पंच, घरचीच जोडी." ते नानांच्या फार मनाला लागे. जेवता जेवता ताटावरून उठून जाताना मी त्यांना पाहिलं आहे.

मग चांद्या आणि कबऱ्या आले. गजूने वासरं असल्यापासून वाढवलेली जोडी, दोघेही आदत. दोन वर्षांमागे पहिल्यांदाच त्याने ती गावच्या पटात उतरवली. बक्षिसं द्यायला मला बोलावलं होतं, त्यामुळे मी पुढेच खुर्चीवर होते. पोरं आरडत होती, "गजाभाऊ, सोड आता बाण!" जोडी एकेक फेरी काढत शेवटून दुसऱ्या फेरीत आली आणि तीही जिंकली. पण रेषेपलीकडे थांबताना चांद्याचं तोंड कुंपणाच्या खांबावर आपटलं. बैल परत आणला तेव्हा तोंडातून रक्त येत होतं आणि पुढचा एक दात नव्हता.

हरलेल्या जोडीचा मालक ओरडला, "पाहा आता पंचाची मजा! नानाच्या घरचा बैल हाय बाप्पा, दात पडला तरी आदतच राहीन तो!"

लोक हसले. गजू म्हणाला, "बा, खांब लागला त्याले. पाहा ना जरा."

नाना बाभळीखालून हलले नाहीत. बादली शेजारीच होती. मला वाटलं, आता ओठ ओढतील. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "पडला म्हणजे आला. दोनदाती."

"बा, बोट तर घाला!"

"निकाल देला म्या."

आदत गटाची शेवटची फेरी गजूच्या जोडीविना झाली. तो तिथेच थांबला असता तर बरं होतं. पण वरच्या गटात पळायची मुभा होती आणि तो संतापलेला होता. तो म्हणाला, "दोनदाती ना? मंग दोनदातीतच पळवतो." मी हाक मारली, "गजू, राहू दे रे." त्याने मान वळवली नाही. दमलेली कोवळी जोडी त्याने भरल्या अंगाच्या बैलांशेजारी उभी केली. झेंडी पडली. अर्ध्या वाटेवर कबऱ्या गुडघ्यावर आला, छकडा उलटला आणि गजू पाठीवर पडला तो कुंपणाच्या दगडांत. नाना धावत आले. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं.

गजू वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. आधी चिखलीला, मग बुलढाण्याला नेलं, तिथून आणखी मोठ्या दवाखान्यात, आणि सगळीकडे डॉक्टरांनी तेच सांगितलं.

इकडे चांद्या वैरणीला तोंड लावीना. नानांनी गोठ्यात त्याचा ओठ ओढून बोट फिरवलं. हिरडीत दाताचा खुंट होता. दात पडलेला नव्हता, तुटलेला होता. बैल आदतच होता. नानांनी हे लपवलं नाही. पारावर सगळे बसले असताना उभं राहून सांगितलं, "म्या निकाल चुकीचा देला." तो हरलेला मालकही तिथेच होता, तो मान खाली घालून निघून गेला. त्यानंतर नाना पटाकडे फिरकले नाहीत.

मी आता बुलढाण्याला राहते, तिथून दर पंधरवड्याला त्यांच्याकडे जात असे. नाना गजूचं सगळं स्वतः करत, अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं. गजूचे हात चालत होते, तरी नाना भरवत आणि गजू भरवू देई. बोलणं मात्र जवळजवळ नव्हतं. यंदाच्या उन्हाळ्यात एकदा मी खाटेशी बसले होते. नानांनी वरणभाताचा घास पुढे केला, तेव्हा गजूने तोंड उघडलं नाही.

"बा, एक इचारू? बोट काऊन नाही घातलं?"

नानांचा हात तसाच राहिला. म्हणाले, "लोक पाहून राह्यले होते, बाबू."

"मीबी पाहूनच राह्यलो होतो."

नानांनी घास ताटात ठेवला, ताट खाली ठेवलं आणि उठून मागल्या दाराने गोठ्याकडे गेले. मी गजूकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मोठी आई, जाय ना जरा त्यायच्या मांगं. एकटे हायत ते."

मी गेले.