शेवंताकाकूंचं दूध मी कसं नासवलं

काचनळीच्या आत रव्यासारखे बारीक कण चिकटलेले दिसले आणि मी नळी उलटीसुलटी करून तीनदा बघितली. आत्ताच हसू नका, खरी फजिती पुढे आहे!

निरगुडसरच्या दूध संकलन केंद्रावर मी नुकतीच दूध तपासायला लागले होते. ऐन मे महिना. नळीत दूध घ्यायचं, तेवढंच अल्कोहोल घालायचं, हलवायचं. कण दिसले की दूध खराब समजायचं आणि कॅन परत!

आणि हा कॅन कुणाचा? शेवंताकाकूंचा! अहो, ही बाई गाईची कास धुऊन-पुसून मगच धारेला बसते. कॅन असा लख्ख, की त्यात बघून टिकली लावावी. त्यांचा कॅन आजवर कधी परत गेला नव्हता. तो मी परत पाठवायचा?

"काकू... दूध फुटतंय."

"आगं, आत्ता धार काढून आणलंय. आजून कोमट हाय!"

मागच्या भाऊंचं तपासलं. कण! त्यांच्या मागचं. कण! भेसळ? गाईंना साथ? की वैरणीत विष? मी किंचाळलेच, "कुणीही दूध पिऊ नका!"

रांगेतले एक आजोबा म्हणाले, "मॅडम, मी तर पेलाभर पिऊन आलोय. आता किती टाइम हाय माझ्याकडं?"

सगळे खो खो हसले. मी लॅबमधल्या सरांना फोनवर फोन लावत होते. उचलतील तर शपथ! टँकरवाला हॉर्न मारत होता. तो गेला असता तर अख्ख्या गावाचं दूध उन्हात नासलं असतं.

पण काकू बघा! चिडणं राहिलं दूर, रांगेवरच डाफरल्या, "पोरीला घाबरवू नका रे. तिच्यावर बोल नको यायला. आदी माझंच परत जाऊ द्या." आणि कॅन स्वतः बाजूला ओढला. काय बाई आहे! पायाच पडावंसं वाटलं मला.

तेवढ्यात सरांनी फोन उचलला. घाईत बोट लागून स्पीकर चालू झाला. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"उकळून बघितलं का?"

"...नाही."

काकूंनी लगेच आपल्या दुधाचं भांडं केंद्रातल्या शेगडीवर ठेवलं. दूध उतू जाईपर्यंत वर आलं, पण एक कण दिसेल तर!

"चांगलं आहे ते. भरा टँकरमध्ये," सर म्हणाले. "उन्हाळ्यात दुधातल्या खनिजांचा तोल बदलतो, म्हणून ताजं दूधही या टेस्टला फुटतं. पण काय गं, मुलाखतीत अर्धा तास तूच मला हे समजावत होतीस ना? तुझा कॉलेजचा प्रोजेक्टच होता की यावर!"