मुलांत बसवलेली बाई

"बाई, तुम्ही मुलांत बसा. आणि तोंड उघडू नका."

साहेब म्हणाले आणि मी बसले. चौथीच्या वर्गात, बसकरपट्टीवर, पोरांच्या रांगेत. त्या वर्गाची शिक्षिका मी. मांडी घातली तर गुडघा पुढच्या पोरीच्या पाठीला लागत होता.

पेणजवळचं खाडीकाठचं गाव. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाळेला रंगीत टीव्ही मिळाला होता. त्यावर शहरातून धडे यायचे. पोरं त्यातून किती शिकतात, शिक्षकांना त्याचा किती उपयोग होतो, हे मोजायला जिल्ह्याचे साहेब आले होते.

आदल्या दिवशी धड्यात बाष्पीभवन आलं. टीव्हीतली बाई भरभर बोलत होती. पोरं पडद्याकडं बघत होती, कळत काहीच नव्हतं. म्हणून मी मध्येच उठून आमच्या बोलीत सांगितलं. मी मिठागरावरच्या घरातली, पोरंही तसल्याच घरांतली. साहेब चिडले. टीव्हीचा परिणाम मोजायचाय, तुमचा नाही, म्हणाले. म्हणून आज ही शिक्षा.

तोच धडा परत लागला. संपल्यावर साहेबांनी विचारलं, ओले कपडे वाळतात तेव्हा पाण्याचं काय होतं? कमळ उठली. वर्गातली सगळ्यांत धीट पोर. म्हणाली, "पानी वाफ होऊन वर जातं."

आधी नीट बोलायला शिक, म्हणत साहेबांनी तिला खाली बसवलं. उत्तर चूक धरलं. मग माझ्याकडं वळले.

"बाईच पानी म्हणतात, तर पोरं काय म्हणणार? म्हणा, पाणी."

मला म्हणता येत नव्हतं असं नाय. डी.एड. झालेली मी. पण दारात हेडगुरुजी उभे होते, हातानं गप्प राहा म्हणून खुणावत होते. माझा बदलीचा अर्ज वर गेला होता. घर रोह्याला. लेकरू अंगावर पिणारं, ते दिवसभर सासूकडं. रोज एसटीनं पेणला यायचं, अंधार पडल्यावर परत जायचं. साहेबांचा एक शब्द बदली करू शकत होता, अडवूही शकत होता.

मी म्हणाले, पाणी. साहेब म्हणाले, मोठ्यानं. मी परत म्हणाले. पोरं हसायला लागली. कमळ हसली नाय. मान खाली घालून बसली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो धाटावच्या कंपनीत, शिफ्टला निघाला होता. म्हणाला, ते जाईपर्यंत गप्प राहा, हातची बदली घालवू नको. त्याचंही खोटं नव्हतं. लेकरू माझ्या अंगावर झोपलं होतं. मला कुठूनच वाट दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी परत मुलांत. धडा झाडांचा. साहेबांनी कमळला उठवलं. मूळ काय काम करतं? ती उभी राहिली. ओठ हलले, आवाज नाय. तिला येत होतं. ते मीच तिला शिकवलं होतं. साहेब म्हणाले, हिला काही येत नाही.

आणि मला लख्ख कळलं. गप्प बसायला ती माझ्याकडूनच शिकली होती.

मी उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या. टीव्ही बंद केला.

"तुम्ही आमचं मोजमाप बिघडवताय," साहेब म्हणाले.

"बिघडू द्या," मी म्हणाले. "कमळ, बोल गो. घरात बोलतेस तसं बोल."

ती फ्रॉकचं टोक चुरगळत राहिली. मग हळू आवाजात सांगितलं, सगळं बरोबर. साहेब तोवर कागद उचलून बाहेर गेले होते. तिचं उत्तर त्यांच्या मोजणीत आलंच नाय.

पुढं अहवाल आला. टीव्ही चांगला, शिक्षिका अडथळा. हेडगुरुजींनी मला बोलावून कोरा कागद पुढं सरकवला. दोन ओळी माफीच्या लिहा, बदलीचं अजून जमेल, म्हणाले. माणूस वाईट नव्हता. भ्यालेला होता.

मी कागद परत सरकवला.

बदली अडकली ती अडकलीच. नवरा कित्येक दिवस धड बोलला नाय. लेकरू मी नसताना चालायला लागलं. ते दुःख हाय, अजून हाय. पण त्या दिवशी गुरुजींना सांगितलं तेच आजही सांगते. माफी लिहिणार नाय. माझ्या वर्गात पोराच्या घरच्या बोलीला कुणी चूक म्हटलं, तर त्यानं आधी माझ्याशी बोलायचं. आणि मी बसून बोलणार नाय.