वसुधाताईंच्या खोलीतली हवा

वसुधाताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या यावर माझा विश्वास नाही. पण जन्मदाखला त्यांनी स्वतः दोनदा तपासला असणार, तेव्हा मानायला हवे.

पहिली भेट मांजलपूरच्या उपकरण-तपासणी प्रयोगशाळेतली. ताई तिथल्या प्रमुख, आणि मी संस्कृत शिकून तिथे पत्रे लिहायच्या नोकरीला लागलेला. पिपेट म्हणजे काय, हे मी भाबडेपणाने विचारले.

"थेंब मोजून उचलायची नळी. म्हणते तेवढे पाणी देते का, ते आपण काट्यावर पाहायचे."

"माणसांचीही अशी तपासणी होते?"

"होते. तुमची आजपासून."

बाहेरून आलेल्या पिपेटला आधी दोन तास खोलीत विसावा, हा ताईंचा दंडक. उन्हातून स्कूटरवर आलेली नळी तशीच वापरली तर माप चुकते. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या चहा देत आणि म्हणत, "तुम्ही घाम पुसलात ना? मग तिलाही पुसू द्या."

एका मे महिन्यात हंसाबेन या जुन्या तंत्रज्ञांच्या हातून एकूण एक पिपेट कमी भरू लागली. प्रयोगशाळेच्या मालकांनी निदान केले: हात थरथरतो, घरी बसवा. हंसाबेन रडवेल्या झाल्या. "बेन, मारो हाथ बराबर छे!"

ताईंनी हात पाहिला नाही. भिंतीवरचा आर्द्रतामापक पाहिला. हवा पापडासारखी कोरडी. हवेत ओलावा सोडणारे यंत्र घरघर करते, पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही, म्हणून आठवड्यापूर्वी ताईंनीच ते बंद करून ठेवले होते. इवलासा थेंब वजन होईपर्यंतच थोडा उडून जात होता. यंत्र सुरू झाले, खोली स्थिरावली. त्याच हाताने त्याच पिपेट बरोबर भरल्या.

मालकांना द्यायचा खुलासा लिहायला मी बसलो. "ताई, 'परिस्थितिवशात्' असे घालू?"

"संस्कृतात लपू नका. 'यंत्र मी बंद केले' असे लिहा. खाली माझी सही."

त्या आठवड्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतः फोन करून पिपेट परत मागवल्या. ताईंची ठरलेली बढती त्या वर्षी हुकली. हंसाबेनची नोकरी मात्र राहिली. पुढे त्या सन्मानाने निवृत्त झाल्या.

ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असे मी लिहिणारच होतो. पण हंसाबेननी काल फोनवर बजावले, "लखजो, बेन सो वरस साजां रहे. अने मारुं नाम पहेलुं."

लिहिले, हंसाबेन: बेन शंभर वर्षे ठणठणीत राहोत. तुमचे नाव पहिले; खाली आम्ही सगळे.