वीबकेमावशीचा रिकामा बंगला

वीबकेमावशीच्या बागेत पान जमिनीला टेकायच्या आत उचललं जायचं, अशी गावात थट्टा होती. जन्मभर सायकलवरून टपाल वाटलेली ही बाई निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेना. त्यातच उन्हाळ्यात गोगलगायींनी तिची सगळी कोबी फस्त केली आणि तिनं ठरवलं, बागेत हेजहॉग राहायला हवा. छोटासा काटेरी जीव, पण रात्रभर किडे नि गोगलगायी खातो. त्याला धरून आणायचं नव्हतं. त्यानं आपल्या पायांनी यावं, राहावं, आणि ते शेजारच्या गेझानं पाहावं.

मावशीनं त्याच्यासाठी बंगला बांधला. उतरतं छप्पर, आत मऊ गवत, दाराशी पाण्याची बशी, कुंपणाच्या तळाशी ये-जा करायला भोक. शिवाय दर शनिवारी साबणाच्या पाण्यानं सगळं पुसून काढणं.

"अगं, हे घर आहे की दवाखाना?" गेझा कुंपणावरून म्हणाली.

"पाहुण्यानं नाक मुरडायला नको."

"येईल तेव्हा मुरडेल ना."

पाहुणा आला नाही. तरी पानगळीच्या दिवसांत पाव आणायला गेली असताना मावशीच्या तोंडून निसटलंच, "आमच्याकडे हल्ली हेजहॉग असतो." मग हिवाळाभर जो तो चौकशी करू लागला. "झोपलाय," मावशी सांगे. थंडीत ते झोपतातच, त्यामुळे खोटं बोलणं सोपं होतं. घरी येऊन ती रिकाम्या बंगल्याचं गवत बदले आणि स्वतःला म्हणे, टपालखात्यात नव्हतीस इतकी इथं कामसू झालीस.

ईस्टरच्या आदल्या दिवशी गावाची होळी पेटते. यंदाची फांद्यांची रास पलीकडच्या गावापेक्षा उंच व्हायलाच हवी, असं सभेत ठणकावून कोण बोललं होतं? वीबकेमावशीच. "जो फांद्या देणार नाही, त्यानं आगीपाशी बिअर प्यायला येऊ नये," हेही तिचंच. त्यासाठी तिनं शरदापासून शेडमागे फांद्यांचा ढीग रचला होता. बागेत तेवढाच एक पसारा तिनं सहन केला होता, तोही जळायचा म्हणून.

होळीच्या दिवशी सकाळी घरोघरच्या फांद्या गोळा करणारा एन्नो ट्रॅक्टर घेऊन आला. दोघांनी वरच्या फांद्या उचलून ट्रॅक्टरवर चढवल्या. तळाशी ओल्या पानांत एक तपकिरी काटेरी गोळा होता. तो अगदी सावकाश वर आला, खाली गेला. श्वास घेत होता.

मावशी उकिडवी बसली. म्हणजे हिवाळाभर ती खरं बोलत होती, आणि हे तिलाच माहीत नव्हतं.

"छान झालं, मावशी," एन्नो म्हणाला. "उचला नि बंगल्यात ठेवा. फांद्या मी नेतो."

मावशीनं हातमोजे चढवले. दोन पावलांवर बंगला होता. दुपारी गेझाला बोलावता आलं असतं. पण मग तिला वाटलं, याच्या वाटेतच तर होता बंगला. यानं तो पाहिला असेल, हुंगला असेल, साबणाचा वास घेऊन पुढे गेला असेल. झोपेत उचलून नेलेल्याला पाहुणा कोण म्हणेल?

तिनं पानं परत सारखी केली. "फांद्या उतरव."

"सगळ्या?"

"सगळ्या. होत्या तशा रच."

"आणि गावाची रास? तुम्हीच सभेत..."

"माहीत आहे रे. मीच बोलले, मीच बिनबिअरची राहीन. आता हळू रच, आदळू नकोस."

ट्रॅक्टर रिकामा गेला. ढीग पहिल्यापेक्षा वेडावाकडा झाला होता, आणि आतला जीव जागा होऊन बाहेर पडेपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत, तो तसाच राहणार होता. मावशी पाहत राहिली. तिचे हात शिवशिवू लागले. शेवटी तिनं शेडमधून पानं ओढायचा दाताळा काढला आणि कुंपणावरून गेझाच्या हातात दिला.

"हा तुझ्याकडे ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस."

गेझानं ढिगाकडे पाहिलं, मग मावशीकडे. "आणि झाडू?"

मावशीनं बराच विचार केला.

"झाडू राहू दे," ती म्हणाली. "दारातली पायरी तरी माझी आहे."